सल्ला हवा: न्यूट्रोफिल सारखे खाली, हृदयही अशक्त. बार्थसाठी आधी कोणती तपासणी करावी?

चाफेकळी: भाच्यासाठी विचारतेय. दीड वर्षाचा आहे. ताप आणि तोंड येणं पाठ सोडत नाही. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कधी जवळजवळ शून्य, कधी अगदी नॉर्मल. आता एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, मोठी आणि पंपिंग कमी निघालं. डॉक्टरांना बार्थ सिंड्रोमची (हृदय आणि न्यूट्रोफिल दोन्हींवर परिणाम करणारा दुर्मिळ जनुकीय आजार) शंका आहे, जनुक तपासणी सांगितलीय. पेशींतल्या चरबीचा दोष असतो म्हणाले, पण लिपिड प्रोफाइल तर छान आलंय! मग शंका सोडायची का?

गोंधळलेला_गणू: स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात) पांढऱ्या पेशींत चरबीचे थेंब दिसतात का ते विचारा. मी तसं वाचलंय.

काचपट्टी: गणू, ते वेगळं प्रकरण. त्याला जॉर्डन्स विकृती म्हणतात, चानारिन-डॉर्फमन सिंड्रोममध्ये दिसते. तिथे एबीएचडी५ जनुकाच्या दोषामुळे ट्रायग्लिसराइड पेशीत साठतं. स्मिअर करताना चरबी विरघळते आणि गोल पोकळ्या उरतात, मग चरबी रंगवणाऱ्या ऑइल रेड ओ रंगाने खात्री करतात. त्या मुलांची त्वचा जन्मापासून खवल्यांची असते. बार्थचं निदान स्मिअरवर होत नाही.

चाफेकळी, लिपिड प्रोफाइलवर मुळीच जाऊ नका. ते रक्तात फिरणाऱ्या चरबीचं मोजमाप. इथे बिघाड मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या) आतल्या पडद्यातल्या कार्डिओलिपिन नावाच्या चरबीत असतो. टॅफॅझिन नावाचं एन्झाइम त्याच्या शेपट्या बदलून त्याला पक्कं करतं. ते नसलं की अर्धवट राहिलेलं मोनोलायसोकार्डिओलिपिन साठतं आणि पक्कं कार्डिओलिपिन घटतं. या दोघांचं गुणोत्तर मोजणारी तपासणी नाव घेऊन मागा. वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरही होते. (लाल पेशींत मायटोकाँड्रिया नसतात, त्यामुळे उत्तर मिळतं ते पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्समधून.) जनुक तपासणी कराच, पण अहवालात अर्थ न लागणारा बदल आला तर निकाल लावायला हेच गुणोत्तर कामी येतं. बार्थमध्ये बहुधा वाढणारं लघवीतलं ३-मिथिलग्लुटाकोनिक आम्ल नॉर्मल आलं म्हणून सुटलो असं समजू नका, कधीकधी ते वाढलेलं नसतं.

चाफेकळी: आणि न्यूट्रोफिल नॉर्मल येतात त्याचं काय?

लेकाचीआई: आमचा लेक बार्थचाच. आकडा वर-खाली होतो, म्हणून एका चांगल्या सीबीसीवर भरवसा ठेवू नका. ताप आला की घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, थेट दवाखाना. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही. आम्हाला डॉक्टरांनी जी-सीएसएफची (न्यूट्रोफिल वाढवणारं औषध) इंजेक्शनं दिली, त्याने संसर्ग आटोक्यात आले. मात्र डोस त्यांनीच ठरवायचा. आणखी एक, ही मुलं फार वेळ उपाशी राहिली तर साखर उतरते. कुठल्या तपासणीसाठी उपाशी ठेवायला सांगितलं तर आधी हे बोला.

काचपट्टी: दोष एक्स गुणसूत्रावर असतो. ताईंच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी दगावला होता का, विचारा. त्या वाहक निघाल्या तर पुढच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची निम्मी शक्यता. उलट दोष भाच्यातच नव्याने उपजलेलाही असू शकतो, म्हणून चाचणीआधी त्यांच्यावर ठपका नको.

चाफेकळी: ताईच्या सासरी तेच चाललंय, सांगते त्यांना. रक्त जनुक चाचणीच्या वेळीच घ्यायला सांगू का?

काचपट्टी: हो, एकाच टोचणीत. पण थेंबाच्या कागदावर की नळीत, ते ज्या लॅबला पाठवणार तिलाच आधी विचारा.