अनुभव धागा: कोलेस्टेरॉल आहार-व्यायामाने उतरवलंत? स्वयंपाकघरात नेमकं काय बदललंत?

सोसायटीत आरोग्य तपासणी झाली की पुढचे काही आठवडे टेकडीवर एकच विषय असतो. कुणी कच्चा लसूण सांगतं, कुणी दुधीचा रस, कुणी तूप साफ बंद करायला लावतं, तर कुणी तुपानेच कोलेस्टेरॉल उतरतं असं छातीठोकपणे सांगतं. माझ्या धाकट्या बहिणीचं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, १५२ आलंय. बीपी नाही, शुगर नाही, वय ४१. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने आहार-व्यायामाने बघू, मग गोळीचं ठरवू." ती माझ्याकडे यादी मागतेय आणि ऐकीव गोष्टींवर यादी करून द्यायची माझी तयारी नाही. म्हणून हा धागा.

नुसतं "एकूण कोलेस्टेरॉल इतकं होतं" यावर थांबू नका. एलडीएल, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वेगवेगळे लिहा, कारण तिघांची वाढायची कारणं वेगळी आहेत. सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत काय बदललं ते सांगा. काहीच फरक पडला नसेल तर तेही हवंच आहे. आणि ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे किंवा मधुमेह आहे, त्यांनी इथलं वाचून गोळी बंद करायची नाही.

हिंजवडीचा प्रवासी (पाषाण, वय ३९)

माझी केस ट्रायग्लिसराइड्सची. ते ३१२, एचडीएल ३४, एलडीएल ११८. वजन काट्यावर ठीक, पोट मात्र सुटलेलं. आपल्या पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! "तू तर बारीक आहेस, तुला कशाला तपासणी" असं कुणी म्हटलं की मी हे दोन आकडे सांगतो.

ट्रायग्लिसराइड्स वाढवतात ते साखर, मैदा आणि दारू. टपरीवरचे गोड चहा, सोबत खारी किंवा क्रीमरोल, शनिवारी बिअर, हे सगळं थांबवलं. चहा बिनसाखरेचा, चारच्या भुकेला फुटाणे, रात्री भाताऐवजी भाकरी. सकाळी ऑफिसच्या बसआधी वेताळ टेकडी, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. दिवाळीच्या आधी पुन्हा तपासलं तेव्हा ट्रायग्लिसराइड्स १४८, एचडीएल ३९, एलडीएल ११५. म्हणजे एलडीएल जवळजवळ तिथेच. चालण्याचा मोठा फायदा ट्रायग्लिसराइड्सना होतो. फक्त एलडीएल वाढलेल्यांनी चालावंच, पण ताटही बदलावं लागेल.

पेठेतली काकू (वय ५८)

बहिणीसाठी सविस्तर लिहिते, कारण माझं फक्त एलडीएलच वाढलं होतं. पाळी गेल्यावर ते चढत चढत १६४ झालं. या काळात बऱ्याच बायकांचं चढतं म्हणे. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न: आपण शाकाहारी, कोलेस्टेरॉल येणार कुठून? ते प्राण्यांच्याच अन्नात असतं हे खरं, पण रक्तातलं बहुतेक आपलं यकृतच बनवतं. संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) जास्त पोटात गेली की यकृत रक्तातलं एलडीएल उचलायचं कमी करतं. आमच्यासारख्या घरात ही चरबी साय, लोणी, तूप, पनीर, खोबरं आणि बेकरीच्या पदार्थांतून येते. मी आठवडाभर वहीत लिहून काढलं, तेव्हा तूप नव्हे, सायीचं दही आणि रोजचं खोबरं सगळ्यात जास्त निघालं.

मग म्हशीच्या दुधाऐवजी गाईचं घेतलं, तापवून दोनदा साय काढून. पोह्यांवर, आमटीत, कोशिंबिरीत ओलं खोबरं जायचं, तिथे दाण्याचं किंवा तिळाचं कूट. वरणभातावर तूप अर्धा चमचा, तेवढं ठेवलं. नाश्त्याला मुगाचं धिरडं, मोडाच्या मटकीची उसळ किंवा ओट्स घालून थालीपीठ. ओट्समध्ये आणि सातूत (बार्लीत) बीटा ग्लुकन नावाचा विरघळणारा चोथा असतो. त्याचा उपयोग व्हायला दिवसाला सुमारे ३ ग्रॅम लागतो, म्हणजे ७०-७५ ग्रॅम कोरडे ओट्स. थालीपिठात मूठभर टाकून भागत नाही, म्हणून जोडीला रात्री इसबगोल घेते. हा चोथा आतड्यात पित्ताला (यकृत बनवतं त्या पाचक रसाला) धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. इसबगोल भरपूर पाण्यातूनच घ्यायचा, बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब, आणि थोड्यापासून सुरुवात, नाहीतर पोट फुगतं. जवसाची चटणी रोज चमचाभर. ती आमच्याकडे सगळ्यांनाच आवडली.

स्वयंपाक घरात एकच होतो. पथ्याचं वेगळं ताट मांडलं असतं तर महिन्याभरात बंद पडलं असतं, अशी माझी खात्री आहे. संध्याकाळी सारसबागेपर्यंत चालत जाते, गुडघे बरे असतील त्या दिवशी पर्वती. एलडीएल १३६ वर आलं आणि तिथे टिकलंय. डॉक्टरांनी गोळी दिलेली नाही, दर सहा महिन्यांनी बघतात.

नळीवाला (लॅबमध्ये काम करतो)

बऱ्याच ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. एकूणमधून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असले तर हा हिशोब चालत नाही, थेट मोजायला सांगा. ते आधी वाढलेले असतील तर १०-१२ तास उपाशी पोटी या, पाणी चालतं. मोठा ताप किंवा ऑपरेशन झाल्यावर लगेच तपासू नका, आकडा खोटा कमी येतो. आहार बदलल्यावर पुन्हा तपासणी ६ ते १२ आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आठवड्याने येऊन "काही फरक नाही" म्हणून निराश होणारे लोक बघून वाईट वाटतं.

आतकरवाडी (सिंहगड रस्ता, वय ३६)

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो इथे असायलाच हवा. मी बारीक. रविवारी आतकरवाडीहून सिंहगड चढतो, सिगारेट नाही, दारू नाही. एलडीएल २२६. वडिलांना चव्वेचाळिसाव्या वर्षी अटॅक आला, काकांनाही पन्नाशीच्या आत. वर काकूंनी लिहिलंय ते जवळपास सगळं काटेकोर केलं. एलडीएल २०४ झालं, त्याखाली गेलं नाही.

याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे आनुवंशिक जास्त कोलेस्टेरॉल, म्हणतात. रक्तातलं एलडीएल पकडून उचलणारे रेणू, म्हणजे रिसेप्टर, यकृतावर जन्मापासूनच कमी किंवा सदोष असतात. हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हे असतं आणि मुलांकडे जायची शक्यता निम्मी. मी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेतो, आता एलडीएल ९२ आहे. आहार सोडलेला नाही. माझ्या मुलीची तपासणी केली, तिचं सुदैवाने ठीक आलं. एलडीएल १९० च्या वर असेल आणि घरात कमी वयात अटॅकचा इतिहास असेल तर कृपा करून नुसत्या पथ्यावर वर्षं घालवू नका. गोळी घ्यावी लागली म्हणजे आपण व्यायामात कमी पडलो, असं अजिबात नाही.

आईची लेक (बिबवेवाडी)

आईचं एलडीएल १८८ होतं. तिचं खाणं चिमणीएवढं, त्यात अजून काय कमी करणार? डॉक्टरांनी आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला लावलं. थायरॉइड फार मंद निघालं. त्याची गोळी सुरू झाल्यावर एलडीएल १४० च्या आत आलं. पथ्य सुरू करायच्या आधी एवढी एक तपासणी करून घ्या.

हडपसरचा दादा (वय ४६)

मटण आठवड्यातून दोनदा व्हायचं. आता महिन्यातून एकदा, चरबी काढून, आणि तर्री बाजूला. एरवी बांगडा, तोही रवा लावून तळलेला नाही, तव्यावर. एलडीएल १४९ वरून १२७. तेलाबद्दल एक सांगतो: डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं बघून भुलू नका, वनस्पतीच्या तेलात ते कधीच नसतं. बघायची ती संपृक्त चरबी. पामतेलात ती निम्मी असते, शेंगदाण्याच्या तेलात पाचव्या हिश्शाच्या आसपास. आम्ही दाण्याचंच वापरतो, पण मोजून. दुधीच्या रसाचं वर आलंय म्हणून लिहितो: रस कडू लागला तर पिऊ नका. कडू दुधी विषारी असतो, माणसं दगावली आहेत.

निवृत्त (औंध, वय ६७)

स्टेंट आहे. टेकडीवरचे मित्र म्हणतात, तुझं एलडीएल ६० झालं, आता गोळी कशाला? ते ६० झालंय गोळीमुळेच. शिवाय आमच्यासारख्यांत ती रक्तवाहिनीतला चरबीचा थरही स्थिर ठेवते. रोज चालतो, रोज घेतो.

धागाकर्ती

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बहिणीने सगळं वाचलं. उद्या टीएसएच देतेय आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांत कमी वयात कुणाला काय झालं, हे आईला विचारून लिहून काढतेय. तिचा एक प्रश्न: श्रावणात सोमवार आणि शनिवार दोन्ही उपास असतात, त्या दिवशी काय खायचं?

पेठेतली काकू

एकादशी दुप्पट खाशी, असं होऊ द्यायचं नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, चोथा जवळजवळ नाहीच, त्यात तूप आणि बटाटा. त्यापेक्षा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि साय काढलेल्या दह्यातली काकडीची कोशिंबीर. फळं चावून खायची, रस काढून नाही. तळलेले बटाट्याचे वेफर्स घरात आणूच नका. राजगिऱ्याचं पीठ कोमट पाण्यात भिजवून भाकरी हातावर थापायला सांग तिला, पोळपाटावर तुटते.