पेट्रोल गाडी ऑइल पिते: रिंगा की व्हॉल्व्ह सील?

होटगीरोडकर: गाडी 1,80,000 किमी चाललीय. हजार किमीला जवळपास लिटरभर ऑइल कमी होतंय, फरशीवर मात्र एक थेंब नाही. गॅरेजवाले थेट इंजिन उघडा म्हणतात. वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी आहे, उगाच उघडायची नाही. आधी काय तपासू?

जुना मिस्त्री: दादा, घाई करू नका. धूर कधी येतो ते बघा. सकाळी स्टार्टला निळा भपका येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत उतरू न देणारी रबरी टोपी. तुळजापूरचा घाट गिअरमध्येच, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरा. खाली पोचून अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर निळा ढग निघाला तरी संशय सीलवरच. चढाला सतत धूर असेल तर रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. सील तर बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता बदलतात.

अक्कलकोट नाका: त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातल्या वाफा परत जाळायला ओढून घेणारा छोटा व्हॉल्व्ह; तो जाम झाला तरी ऑइल जळतं) काढून हलवा. खुळखुळ वाजायला हवा. स्वस्तातलं काम आहे.

होटगीरोडकर: काढला. काळ्या चिकट्याने जाम झालाय, अजिबात वाजत नाही. उद्याच नवीन बसवतो, मग घाट.