सातवा महिना: गालांवरचे वांग आणि डोहाळजेवणाची मेंदी – मदत हवी आहे

मैत्रिणींनो, मला सातवा महिना चालू आहे. दोन्ही गालांवर वांग उठलेत आणि कपाळावर केसांलगत चहाच्या डागासारखा पट्टा दिसतोय. रेटिनॉलचं क्रीम डॉक्टरांनी दिवस राहिल्याचं कळताच बंद केलं, डाग फिके करणारं हायड्रोक्विनोनही नको म्हणाल्या. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन चालतं, पण माझ्या सावळ्या चेहऱ्यावर पांढरा थर बसतो. आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेलं) सनस्क्रीन कुणी वापरलंय का? घाम आला की ओघळतं का?

पोटाला खाज येते, त्यावर सासूबाई रात्री कोमट खोबरेल लावून देतात. फार बरं वाटतं. (तळहात-तळपाय खाजायला लागले तर लगेच या, यकृताची तपासणी करावी लागते, असं डॉक्टरांनी बजावलंय. तसं काही नाही.)

आता मुख्य अडचण. महिनाअखेरीस डोहाळजेवण आहे आणि पुढचे केस पांढरे दिसतायत. पाकिटातल्या काळ्या मेंदीत बहुतेक वेळा पीपीडी (केस काळे करणारं रसायन) असतं, म्हणून ती मी लावणारच नाही. नुसत्या मेंदीच्या पानांची खात्रीची पूड कशी ओळखायची? डोकं फार गार पडू नये म्हणून किती वेळ ठेवायची? ज्यांनी गरोदरपणात लावली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.