विहिरीची रेघ वर गेली म्हणजे पाणी वाढलं ना?

सीनाकाठचा:
रामराम मंडळी. गाव माढा तालुक्यात, सीनेच्या काठाला. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इंडिया-डब्ल्यूआरआयएस, म्हणजे पाण्याच्या माहितीचं सरकारी संकेतस्थळ उघडलं, कृष्णा खोऱ्यातून भीमेत शिरलो आणि जवळच्या निरीक्षण विहिरीचा आलेख काढला. नोव्हेंबरात 3.8, मे महिन्यात 9.6. रेघ झकास वर चढलेली. ग्रामसभेत छातीठोक सांगून टाकलं, उन्हाळ्यात पाणी वाढतंय. मागून एक आजोबा म्हणाले, "मग माझी मोटर हवा का ओढतीय रं?" अख्खी सभा हसली.

दुसरं म्हणजे, जमीन वापराच्या नकाशात आमचं वरचं रान पडीक दाखवलंय. तिथं दरसाल मालदांडी ज्वारी असते! काय चुकतंय?

दोर-बादली:
आजोबा बरोबर आहेत. तो आकडा जमिनीपासून पाणी किती मीटर खाली आहे, त्याचा. 9.6 म्हणजे दोर जवळपास सहा मीटर जास्त सोडायचा. पुढच्या सभेला आलेख उलटा करून न्या, शून्य वर ठेवून, म्हणजे पाणी उतरताना रेघही उतरेल. वर्ष जून ते मे धरा. जानेवारी-डिसेंबर धरलंत तर एकाच पावसाळ्याचं पाणी दोन वर्षांत विभागलं जातं.

काळी माती:
नकाशा कुठल्या महिन्याच्या चित्रावरून केलाय ते बघा. मालदांडी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात. ऑगस्टात वरून बघितलं तर उघडी ढेकळंच दिसणार. सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दहा मीटरचा ठिपका, दर पाच दिवसांनी. डिसेंबर-जानेवारीचं घ्या, ढगही नसतात.

दोर-बादली:
एक राहिलंच. नुसता पाऊस आणि पाणलोट धरून जमेची बाजू मांडू नका. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी जोड बोगद्यातून सीनेत येतं, ते पाणलोटाच्या नकाशात कुठून दिसणार? काठावरचा ऊस त्यावर उभा आहे. आणि उजनीची टक्केवारी मृत साठ्याच्या, म्हणजे हिशोबात न धरलेल्या तळच्या पाण्याच्या वरची असते. म्हणून धरणात जवळपास 64 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असलं तरी बातमीत शून्य टक्के, आणि त्याखाली गेलं की उणे.

सीनाकाठचा:
उणे धरणाचं कोडं आज सुटलं, इतकी वर्षं वाटायचं छपाईची चूक. जानेवारीचं चित्र काढलं, वरचं रान हिरवंगार आहे. वडिलांना मोबाइलवर दाखवलं तर म्हणाले, हे बघायला आभाळात कशाला जायचं?

काल आजोबांच्या विहिरीत दोर सोडून स्वतः मोजलं. कठड्यावरून 11.2 मीटर. हाच आकडा लिहू का?

दोर-बादली:
कठडा केवढा उंच?

सीनाकाठचा:
कमरेएवढा. टेप लावतो.

दोर-बादली:
तेवढा वजा करा, मग लिहा.