'क्लच' गोलरक्षकाला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

नमस्कार मंडळी. टोरांटोतल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आइस हॉकीच्या गोलरक्षकांवर लिहितोय आणि दोन शब्दांपाशी अडलोय.

पहिला 'सेव्ह पर्सेंटेज', म्हणजे गोलवर आलेल्या फटक्यांपैकी गोलरक्षकाने किती अडवले. मी 'अडवणूक टक्केवारी' लिहिलं. बायकोने वाचून विचारलं, "लेख तलाठी कार्यालयावर आहे का?"

दुसरा 'क्लच', म्हणजे आकडे कसेही असोत, नेमक्या वेळी गोल न होऊ देणारा. माझं उदाहरण एडमंटनचा ग्रँट फ्यूर. कारकिर्दीचा आकडा जेमतेम ०.८८७, पण नावावर पाच स्टॅन्ली कप, म्हणजे इथल्या सर्वोच्च लीगची पाच विजेतेपदं. 'ऐनवेळचा गोलरक्षक' चालेल का? 'क्लच' तसाच ठेवला तर मराठी वाचकाला क्लचप्लेट जळल्याचा वास येईल.

प्रतिसाद १

वहिनींचं बरोबर आहे. 'अडवणे' चांगलं, 'अडवणूक' नको, तिला लाचेचा वास आहे. 'बचाव' घ्यावा तर बचावपटू मधे येतो. क्रीडापानांवर 'फटका थोपवला' असं रुळलेलं आहे, तेव्हा 'थोपवलेल्या फटक्यांचं प्रमाण' म्हणा. लांब आहे, पण गैरसमज होत नाही. 'टक्केवारी' तर टाळाच. ०.९२२ म्हणजे शंभरातले ९२ थोपवले, पण '०.९२२ टक्के' छापलंत तर वाचक म्हणेल, याला संघात घेतला कोणी? इंग्रजीतही ते नाव चुकीचंच आहे, आपण ती चूक कशाला उचलायची?

आणि 'ऐनवेळचा' मुळीच नको. ऐनवेळचे पाहुणे, सभेतले ऐनवेळचे विषय, तसा ऐनवेळचा गोलरक्षक, म्हणजे ठरलेला नव्हता म्हणून उभा केलेला. तसा माणूस तुमच्याच गावात होऊन गेला. २२ फेब्रुवारी २०२० ला पाहुण्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले, तेव्हा बर्फ सपाट करणारं यंत्र चालवणारा ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स उतरला. पहिले दोन्ही फटके आत गेले, पुढचे आठ त्याने थोपवले आणि टोरांटो ६-३ ने हरलं. त्याचं प्रमाण ०.८००. शब्द त्याच्यासाठी राखून ठेवा.

प्रतिसाद २

एक दुरुस्ती. फ्यूरच्या नावावर पाच कप आहेत हे खरं, पण १९९० च्या बाद फेऱ्यांत गोलमध्ये बिल रॅनफर्ड होता, सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. त्यामुळे 'कप म्हणजे क्लच' हा हिशेब थोडा कच्चा आहे. शिवाय फ्यूरचा संघ सतत पुढे धावणारा. मागे त्याच्यावर काय काय चालून यायचं, ते त्या ०.८८७ मध्ये दिसत नाही.

प्रतिसाद १

बरं झालं काढलंत. मला वाटतं गोची शब्दात नाही, व्याकरणात आहे. इंग्रजीत 'क्लच' हे माणसाचं विशेषण होतं, जणू उंचीसारखा त्याचा गुण. आपल्याकडे ऐन घटकेला, मोक्याला, आणीबाणीला, हे सगळं क्रियेला लागतं. तो काय आहे हे आपण सांगत नाही, त्याने कधी काय केलं ते सांगतो.

२००९ ची स्टॅन्ली कपची अंतिम मालिका घ्या. पाचव्या सामन्यात पिट्सबर्गचा मार्क-आंद्रे फ्लरी पाच गोल खाऊन बाहेर बसला, संघ ०-५ ने हरला. सातव्यात २-१ अशी आघाडी, शेवटचे काही क्षण, प्रतिस्पर्धी डेट्रॉइटच्या लिडस्ट्रमचा फटका, आणि हा आडवा झेपावला. पक (खेळातली रबरी चकती) अंगावर आदळला, कप पिट्सबर्गला. तो 'क्लच' आहे का यावर इंग्रजीत अजून भांडता येईल. मराठीत 'ऐन घटकेला थोपवला' म्हटलं की वाद उरतच नाही. आकडेवाल्यांचीही तक्रार हीच असते ना, की दोन-चार क्षणांवरून स्वभाव ठरवू नका?

विचारणाकर्ता

पण माणसालाही आपण लावतोच की, 'वेळेला उभा राहणारा', 'हुकमी'.

प्रतिसाद ३

'हुकमी' म्हणजे पत्त्यातला हुकूम, कधीही टाका, चालणारच. तो डॉमिनिक हाशेक. कारकिर्दीत ०.९२२, आणि १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्याच्या शूटआउटमध्ये कॅनडाचे पाचच्या पाच परतवले. तिथे आकडा आणि घटका एका बाजूला. फ्यूरला 'हुकमी' म्हटलंत तर आकडेवाले भांडतील, 'वेळेला उभा राहणारा' म्हटलंत तर निदान ऐकून घेतील. आणि वर्षभर सुंदर आकडे दाखवून बाद फेरीत ढेपाळणाऱ्यासाठी नवा शब्द शोधू नका. भरवशाच्या म्हशीला टोणगा.

प्रतिसाद २

:) आणि मैदानी हॉकीतला आपला गोलरक्षक श्रीजेश? टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध ५-४, सहाएक सेकंद उरलेले, पेनल्टी कॉर्नर. त्याचं 'प्रमाण' इथे कोणाला पाठ आहे?

विचारणाकर्ता

मंडळी, आभार. 'थोपवलेल्या फटक्यांचं प्रमाण' पक्कं, तेही बायकोकडून पास करून घेतलंय. फ्यूर 'वेळेला उभा राहणारा' झाला आणि त्याच्या पाचव्या कपापुढे कंसात रॅनफर्डचं नाव घातलंय. एअर्ससाठी वेगळी चौकट मागितली आहे, संपादक म्हणतात जागा नाही.