घरासाठी छोटा डेस्कटॉप: ‘एन१०० घ्या आणि विसरा’ हा सल्ला पटत नाही

जुनी_पेटी

परवा या फोरमवर एका सदस्यांनी ठामपणे लिहिलं: “घरासाठी एन१०० चिपचा नवा मिनी पीसी घ्या आणि विसरा. रिफर्ब मिनी (वापरून झालेले, दुरुस्त करून पुन्हा विकलेले) म्हणजे कंपन्यांनी टाकलेला कचरा, आणि अपग्रेड हा रिकामटेकड्यांचा उद्योग.” त्याखाली लोक आभार मानत सुटले. ते वाचून गप्प बसवेना.

छोट्या डब्यात नंतर जे बदलता येत नाही, तेच घेताना आधी बघायला हवं. एन१०० ही इंटेलची २०२३ची चिप, म्हणजे प्रोसेसर. चार कोअर, मेमरीचा एकच चॅनेल (प्रोसेसरकडे जाणारा रस्ता), इंटेलच्या लेखी कमाल मर्यादा १६ जीबी. स्वस्त डब्यांत बरेचदा ८ किंवा १२ जीबी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, असते. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे विक्रेते ८ जीबीवालाच पुढे करतात. विंडोज ११, क्रोममध्ये पंधरा-वीस टॅब आणि मुलांचा ऑनलाइन क्लास एवढ्यात ८ जीबी भरते, मग सगळा भार एसएसडीवर जातो. तिथे एसएसडीऐवजी ईएमएमसी, म्हणजे बोर्डवरचं संथ स्टोरेज, असेल तर माउससुद्धा अडखळतो. यावर उपाय एकच, नवा डबा.

याउलट रिफर्ब मिनी बघा: लेनोवोचा थिंकसेंटर एम७२०क्यू, डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क ८०० जी४ मिनी. आय५-८५००टी, सहा कोअर, ३५ वॅट. लॅपटॉपच्या डीडीआर४ रॅमचे दोन स्लॉट, एनव्हीएमईसाठी (वेगवान एसएसडी) एम.२ स्लॉट आणि शिवाय अडीच इंची साटा (जुन्या, हळू प्रकारच्या) ड्राइव्हची जागा. ८ जीबीची एक पट्टी असेल तर शेजारी दुसरी ८ची लावा, दोन्ही चॅनेल चालू होतात आणि आतल्या ग्राफिक्सलाही फायदा होतो, कारण तेही हीच मेमरी वापरतं. काम दहा मिनिटांचं. वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेला चार्ज घालवा, झाकण उघडा, पट्टी तिरकी घुसवून दोन्ही बाजूंच्या क्लिपा बसेपर्यंत खाली दाबा. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन मिनिटभर काळा राहू शकतो, तेव्हा मेमरीची तपासणी चालू असते. घाबरून वायर ओढू नका.

नवं_ते_नवं

‘कचरा’ हा शब्द माझा आहे आणि मी तो मागे घेणार नाही. तुम्ही उत्तम स्थितीतला एम७२०क्यू गृहीत धरून लिहिताय. बाजारात गिऱ्हाइकाच्या हातात काय पडतं ते लिहा ना.

बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या डब्यात आय५-६५००टी किंवा ७५००टी (सहावी-सातवी पिढी) घालून ‘आय५ मिनी’ म्हणून विकतात. विंडोज ११च्या यादीत, मोजके अपवाद सोडता, इंटेलची आठवी पिढी आणि पुढच्याच चिप आहेत. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे घेतल्या दिवसापासून मशीन जुनं. बायोसला (मशीनच्या मूळ सेटिंग्जना) आधीच्या कंपनीचा पासवर्ड असतो, तो साध्या रीसेटने निघत नाही. विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडलं की भलत्याच कंपनीचं लॉगिन समोर येतं, कारण मशीन अजून त्यांच्या ऑटोपायलट नोंदीत (कंपनीच्या मशीन्सची मायक्रोसॉफ्टकडची यादी) असतं. घरच्या माणसाने हे कसं सोडवायचं?

शिवाय एचडीएमआय. या पिढीच्या मिनींवर बहुधा १.४ असतं, फोरके फक्त ३० हर्ट्झला चालतं. टीव्हीला जोडल्यावर कर्सर झटके देत फिरतो आणि लोक ‘ग्राफिक्स बिघडलं’ म्हणून दुकानात जातात. एव्ही१ या नव्या प्रकारात दाबलेला व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडत नाही, पंखा घोंगावतो. एन१०० दोन्ही गोष्टी शांतपणे करतो, नवा असतो, वॉरंटी असते, आणि वीज कमी खातो.

जुनी_पेटी

एचडीएमआयचं मान्य. पण त्याच डब्यावर डिस्प्लेपोर्ट असतो आणि तो फोरके ६० हर्ट्झला देतो. टीव्हीसाठी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय २.०चा ॲक्टिव्ह अडॅप्टर घ्या. पॅसिव्ह घेतलात तर पुन्हा ३०वरच अडकाल. एव्ही१चं म्हणाल तर फायरफॉक्सच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ते बंद करता येतं, मग यूट्यूब व्हीपी९ हा जुना प्रकार पाठवतं आणि तो या चिपला हार्डवेअरवर जमतो.

विजेचा मुद्दा मात्र हिशोबात टिकत नाही. साधं काम चालू असताना दोघांत ५ वॅटचा फरक धरा. रोज ८ तास, वर्षाचे ३६५ दिवस, साडेचौदा युनिट. एवढ्यासाठी रॅमचा स्लॉट गमवायचा?

आणि नव्या डब्यांबद्दल तुम्ही काहीच बोलत नाही. २०२४च्या सुरुवातीला काही चिनी मिनी पीसींत विंडोजसोबत स्पायवेअर आल्याचं उघड झालं होतं. नवा असो की जुना, आतलं विंडोज पुसून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्ह बनवून पुन्हा टाकलंच पाहिजे. ‘घ्या आणि विसरा’ यात हे कुठे बसतं?

खटका

दोघेही एक गोष्ट विसरताय. आमच्याकडे लाइट जाते.

बहुतेक एन१०० डबे १२ व्होल्टवर चालतात, राउटरच्या छोट्या डीसी यूपीएसवर थेट बसतात. रिफर्ब मिनीला १९.५ किंवा २० व्होल्ट लागतात, त्याला ती सोय नाही. गावाकडे घेणाऱ्यांसाठी निकाल इथेच लागतो.

अर्थिंग

कृपा करून हा सल्ला पसरवू नका. राउटरचे बहुतेक यूपीएस १२ व्होल्ट २ ॲम्पियरचे असतात, म्हणजे कागदावर २४ वॅट. एन१०० डब्यासोबत अडॅप्टर साधारण ३ ॲम्पियरचा येतो, त्याला कारण आहे. चिप पूर्ण जोरात असताना यूएसबीला हार्डडिस्क जोडली की ती फिरायला लागतानाच २४ वॅटची मर्यादा ओलांडली जाते, व्होल्टेज पडतं आणि मशीन रीबूट होतं. लाइट असतानासुद्धा. आणि मॉनिटरचं काय? तो तर भिंतीतल्या सॉकेटवरच आहे.

साधा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. मिनी आणि २२ इंची मॉनिटर मिळून ५०-६० वॅट. आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचची. नवी असताना अर्धा तास सहज. शुद्ध साइन वेव्हची गरज नाही, ६५ वॅटच्या अडॅप्टरला चौकोनी लहर चालते.

खटका

मी ३ ॲम्पियरचा डीसी यूपीएसच गृहीत धरला होता, तेही बाजारात मिळतात. आणि ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे तुमचा ६०० व्हीए हा दुहेरी खर्च. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा खटका असतो, तो दाबा. बदलायला १०-१५ मिलिसेकंद लागतात, अडॅप्टरचे कपॅसिटर तेवढं सांभाळतात.

बांधावरचा

यूपीएस मोड सरसकट सांगू नका हो. त्या मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच स्वीकारतो. आमच्या फीडरवर पंप सुरू झाले की संध्याकाळी १६०-१७० येतात. मग मेन असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, तासाभरात बॅटरी उतरते आणि खरी लाइट जाते तेव्हा अंधार. इथे वाइड मोडच, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेज चालवून घेणाराच, ठेवायचा. संगणकाचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्याला कमी व्होल्टेजचं वावडं नाही. अडचण फक्त बदलण्याच्या क्षणाची, आणि तेवढ्यासाठी छोटा यूपीएस हवाच.

खटका

म्हणजे इन्व्हर्टरही आणि यूपीएसही. सामान्य माणसाने संगणक घ्यायचा की सबस्टेशन बांधायचं?

अर्थिंग

चिडून काय होणार? १६० व्होल्टचा फीडर हे तिथलं वास्तव आहे. आणि विषय निघालाच आहे तर अर्थिंग तपासा. तीन पिनी अडॅप्टर असून सॉकेटला अर्थ नसेल, तर अडॅप्टरमधल्या फिल्टरमुळे धातूच्या डब्यावर गळतीचं व्होल्टेज येतं. हाताला झिणझिण्या येतात तो हाच प्रकार. करंट नगण्य असतो, पण टीव्ही आणि डबा दोन्ही चालू असताना एचडीएमआय लावलीत तर पोर्ट जाऊ शकतो. आधी दोन्हींच्या वायरी काढा, केबल जोडा, मग वीज द्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनी सॉकेटचा वरचा पिन कित्येकदा नुसताच असतो, मागे तार नसते.

चांदा_४५

विजेवर एवढं झालं, उष्णतेवर कुणी बोलेना. चंद्रपूरच्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर असते. मॉनिटरच्या पाठीला ब्रॅकेटने डबा लावू नका, मॉनिटरची उष्णता थेट त्यात जाते. उभा ठेवा, हवेच्या जाळीपुढे वीतभर जागा सोडा. पंखा नसलेले एन१०० डबे उन्हाळ्यात स्वतःच वेग कमी करून रांगतात. जुन्या मिनीत प्रोसेसर आणि हीटसिंकमधली सहा-सात वर्षांची पेस्ट वाळून खडू झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी लावा, मटाराएवढी नको, मुगाएवढी पुरे, आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. एक बाजू आधी घट्ट केली तर हीटसिंक तिरका बसतो आणि तापमान पहिल्यापेक्षा वाढतं.

सफरचंदवाला

मॅक मिनी एम४, २०२४ अखेर ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅम. शांत, गार. संपला वाद.

जुनी_पेटी

२५६ जीबी स्टोरेज, रॅम कायमची तेवढीच. मूळ मुद्दा पुन्हा वाचा.

स्क्रूड्रायव्हर

खरं अपग्रेड हवं असेल तर एएसरॉकच्या डेस्कमिनी एक्स६००सारखा सांगाडा घ्या. एएमडीचं एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा), लॅपटॉपच्या डीडीआर५ रॅमचे दोन स्लॉट, दोन एम.२. आज रायझेन ८६००जी, चार वर्षांनी प्रोसेसर तेवढा बदला. कूलर मात्र ४७ मिमीच्या आतला लागतो, त्याहून उंच घेतलात तर झाकण बसत नाही. सध्याच्या रॅमच्या भावात महाग पडतो, हे लपवत नाही.

नवं_ते_नवं

वीज आणि उष्णतेचं वाचलं. रॅम सोल्डर केलेला एन१०० घेऊ नये, हे मी लिहायला हवं होतं असं तुमचं म्हणणं असेल तर ठीक, स्लॉटवाला घ्या. त्याच्या एम.२ स्लॉटला एनव्हीएमई चालतं की फक्त साटा, हेही विचारा. साटाच्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई ड्राइव्ह दिसतच नाही.

पण रिफर्ब घेणाऱ्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा की आणखी कुठे, पैसे देण्याआधी दुकानातच एवढं करून घ्या. बायोस उघडून प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचा, स्टिकरवर विश्वास नको. बायोसमधली एखादी सेटिंग बदलून सेव्ह करा, पासवर्ड असेल तर तिथेच कळेल. टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू आहे का बघा. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून विंडोजची पहिली स्क्रीन पाहा, कुठल्या कंपनीचं नाव येतं का. डेलचा असेल तर मूळ अडॅप्टरच मागा. नकली अडॅप्टर ओळखला नाही तर मशीन चालू होताना इशारा देतं आणि प्रोसेसर रांगायला लागतो. वाय-फायचं कार्ड आहे म्हणाले तरी अँटेना आत आहेत का ते उघडून बघा, ऑफिसची बरीच मशीन्स अँटेनाशिवाय येतात. तारीख मागे गेली असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलून घ्या, नाहीतर घरी आल्यावर बँकेच्या साइट उघडणार नाहीत.

दुकानदार यातलं काही करू देत नसेल तर तिथून निघा.

बांधावरचा

वाय-फाय कार्ड नव्याने टाकणार असाल तर इंटेलचं एएक्स२१० घ्या. नाव जवळचं म्हणून एएक्स२११ देतील, ते या पिढीच्या बोर्डवर चालत नाही.