जनगणनेत सुटलेली माणसं गणितानं धरावीत का?

राजारामपुरीकर:
१ मार्च २०२७ ही येत्या जनगणनेची संदर्भ तारीख. जातीची नोंद, मोबाइल अ‍ॅप यावर सगळे बोलतायत, मला वेगळंच विचारायचंय. २०११ ला देशाची लोकसंख्या १२१ कोटी निघाली. नंतर जनगणना खात्यानंच निवडक गटांत (एकेका प्रगणकाला नेमून दिलेल्या वस्तीत) पुन्हा मोजून पडताळा घेतला, तर हजारी २३ माणसं सुटलेली. देशभराचा हिशेब केला तर पावणेतीन कोटींच्या वर. तरी अधिकृत आकडा तोच राहिला, आणि अन्नसुरक्षेचा कोटा आजही त्याच आकड्यावर ठरतो.

पडताळ्याचं गणित सोपं आहे. समजा, पहिल्या मोजणीत गल्लीत ९०० माणसं मिळाली, दुसऱ्या स्वतंत्र मोजणीत ८००, आणि दोन्हीकडं नाव असलेली ७५०. म्हणजे दुसरीला मिळालेल्या दर १६ माणसांतली १५ पहिलीनं धरली होती. त्याच प्रमाणात पहिलीचे ९०० म्हणजे खरी माणसं ९६०. ही रीत चंद्रशेखरन आणि डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये मांडली, बंगालातल्या सिंगूरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी घेऊन. मग आकडा दुरुस्त करायला अडचण काय?

निवृत्त मास्तर, करवीर:
अडचण सांगतो. २०११ च्या फेब्रुवारीत मी प्रगणक होतो. माझ्या गटात कारखान्याजवळच्या ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या. दिवसा गेलो तर सगळे फडात. मुकादम म्हणाला, "वीस कोयते लिहा." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणजे चाळीस माणसं. रात्री बॅटरी घेऊन परत गेलो, कोपी-कोपीत वाकून बघितलं. पाचटावर झोपलेली पोरं, एक आजारी म्हातारी. नावं भरली एकाहत्तर.

तुमचं सूत्र धरून चालतं, की पहिल्यांदा सुटलेला माणूस दुसऱ्यांदा इतरांइतकाच सहज सापडेल. ही पोरं दोन्ही वेळेला सुटतात. आणि पडताळणीवाले येईपर्यंत गळीत संपून टोळी गावाकडं गेलेली असते.

राजारामपुरीकर:
मास्तर, बरोबर आहे. पण मग ९६० हा आकडाही कमीच ठरतो. खरी तूट हजारी २३ पेक्षा मोठी असणार. दुरुस्तीची गरज त्यानं वाढतेच की!

सूतगिरणी, इचलकरंजी:
नुसत्या डोक्यांवर भांडू नका, वयाचंही बघा. आमच्या आईनं प्रगणकाला सांगितलं, "चाळीस लिहा." जन्मसाल कुणाला माहीत? २०११ च्या वयाच्या तक्त्यात ३०, ३५, ४० वर ढीग आणि शेजारच्या वयांना खड्डा दिसतो. व्हिपल निर्देशांक हेच मोजतो: २३ ते ६२ वयात शेवटी ० किंवा ५ असलेले किती. ढीग नसेल तर १०० येतो, सगळेच तसे सांगत असतील तर ५००. शाळा किती लागतील, पेन्शन किती जणांना, हे वयावरच ठरतं. गणित नको म्हणणाऱ्यांनी ते तक्ते उघडून बघावेत.

निवृत्त मास्तर, करवीर:
गणित नको असं मी म्हटलेलं नाही. ती पावणेतीन कोटी माणसं कुठल्या गावात वाढवणार, ते सांगा. पडताळणीचे आकडे देशाचे आणि सहा विभागांचे निघाले, कोल्हापूर जिल्ह्याचाही वेगळा नाही. ग्रामपंचायतीच्या जागा लोकसंख्येवर ठरतात. शेजारच्या गावात सूत्रानं माणसं वाढली, तर आमचं गाव कोर्टात जाईल, आणि मीही सोबत जाईन. यादीत नाव असलेला माणूस दाखवता येतो. सूत्रातला कुठून आणणार?

कसबा बावडा:
अमेरिकेत असाच वाद १९९९ ला सुप्रीम कोर्टात गेला होता. प्रतिनिधिगृहाच्या जागा राज्यांना वाटताना नमुना पाहणीचे आकडे चालणार नाहीत, असा निकाल लागला. मास्तरांचा मुद्दा हलका नाही.

राजारामपुरीकर:
मान्य. गावाच्या आणि जागांच्या आकड्याला हात नको, माझं आधीचं म्हणणं मागं घेतो. पण राज्याचा धान्यकोटा ठरवताना सुटलेले धरलेच पाहिजेत. पोत्यावर कुणाचं नाव नसतं, पण कमी पडलं तर पोट कुणाचं तरी रिकामं राहतं. आणि पडताळणीसाठी इतके गट निवडा, की निदान जिल्ह्याचा आकडा निघावा.

निवृत्त मास्तर, करवीर:
कोट्यापुरतं असेल तर माझी हरकत नाही. फक्त कोप्या असलेले गट त्यात वेगळे काढून घ्या, माणूस गळीत चालू असतानाच पाठवा, आणि रात्रीचा पाठवा.